पदव्युत्तर प्रवेश मिळवताना आणि तो टिकवताना: नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

महाविद्यालयाने प्रवेश दिला म्हणजे विद्यापीठाने पात्र ठरवले असे होत नाही, आणि विद्यापीठाने पात्र ठरवले म्हणजे दुसऱ्या वर्षात बसता येईलच असेही होत नाही. या तिन्ही गोष्टींचे नियम वेगळे आहेत, कागद वेगळे आहेत आणि तारखाही वेगळ्या आहेत. नाशिकमध्ये पदव्युत्तर वर्गांना शिकवताना आणि प्रवेश समितीत काम करताना मला दरवर्षी असे विद्यार्थी भेटतात, ज्यांनी पहिली गोष्ट मनापासून केलेली असते आणि उरलेल्या दोन आपोआप होतील असे धरलेले असते. त्यातले काही जण हुशार असतात, गुणवत्ता यादीत वरच्या क्रमांकावर असतात, आणि तरीही पुढच्या जूनमध्ये कार्यालयाच्या खिडकीपाशी हताश उभे असतात. म्हणून हा लेख प्रवेशाच्या अर्जापाशी न थांबता शेवटच्या सत्रापर्यंत जातो.

कोणत्या मार्गाने जायचे, हे आधी ठरवा

नाशिक जिल्ह्यातील बहुतेक कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. एम.ए., एम.कॉम. आणि एम.एस्सी. यांचे प्रवेश संलग्न महाविद्यालयांत मुख्यतः महाविद्यालय पातळीवरच्या गुणवत्ता यादीने होतात. त्यामुळे कॉलेज रोडवरच्या एका आणि गंगापूर रोडवरच्या दुसऱ्या महाविद्यालयात अर्ज करायचा असेल, तर दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज भरावा लागतो आणि दोन्हीकडच्या याद्यांवर लक्ष ठेवावे लागते. पुण्यातील विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांत जायचे असल्यास विद्यापीठाची प्रवेश परीक्षा असते आणि तिचा अर्ज पदवीचा निकाल लागण्याच्या बराच आधी भरावा लागतो. निकाल लागल्यावर चौकशीला येणाऱ्यांची ही संधी दरवर्षी हुकते.

एम.बी.ए., एम.सी.ए., एम.एड. अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाची सीईटी आणि त्यानंतरच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्या आहेत. एम.टेक.ला गेट परीक्षेचे गुण उपयोगी पडतात आणि ते तीन वर्षे ग्राह्य असतात. वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण नीट-पीजीच्या आधारे होते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला असले, तरी त्यामुळे नाशिककरांना प्रवेशात वेगळी सवलत मिळत नाही.

सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात पाळीची नोकरी करणाऱ्यांसाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हा प्रतिष्ठेचा आणि व्यवहार्य मार्ग आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच आहे. दूरशिक्षणातील प्रवेशासाठी आता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा ‘डेब आयडी’ काढावा लागतो. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. बारावी न करता पूर्वतयारी शिक्षणक्रमाच्या आधारे ज्यांनी मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली आहे, त्यांनी इतर कोणत्याही विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशाचे शुल्क भरण्याआधी आपली पदवी त्या अभ्यासक्रमासाठी ग्राह्य आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. तोंडी होकारावर विसंबू नये.

पात्रतेच्या अटी वाचताना

पहिली अट पदवी पूर्ण असण्याची. पदवीच्या पहिल्या वर्षातून दुसऱ्या वर्षात जाताना एटीकेटीची, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढे जाण्याची, सवलत मिळते, तशी ती पदवीतून पदव्युत्तर वर्गात जाताना मिळत नाही. पहिल्या वर्षाचा एखादा दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) विषय राहिला असेल, तरी पदवी अपुरीच धरली जाते. अंतिम सत्राचा निकाल लागायचा असेल तर अनेक ठिकाणी तात्पुरता अर्ज करता येतो, पण ठरवून दिलेल्या तारखेपर्यंत उत्तीर्ण झाल्याची गुणपत्रिका सादर करावीच लागते. म्हणून शेवटच्या वर्षाच्या दिवाळीतच तोपर्यंतच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका समोर ठेवून श्रेयांक जुळतात का, हे स्वतः मोजावे. पर्यावरण, लोकशाही किंवा शारीरिक शिक्षण यांसारख्या छोट्या विषयांचे श्रेयांक नोंदवायचे राहून गेल्याने निकाल अडकलेला मी पाहिला आहे.

दुसरी अट टक्क्यांची. एम.बी.ए. आणि एम.सी.ए. या दोन्हींसाठी पदवीला किमान ५० टक्के लागतात. महाराष्ट्रातील मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील आणि दिव्यांग उमेदवारांसाठी ही मर्यादा ४५ टक्के आहे. सीईटीत कितीही पर्सेंटाइल मिळाले तरी ही अट सुटत नाही. आपले ४९.६ टक्के पूर्णांकात बदलून ५० होतील, असे स्वतःच ठरवून अर्ज भरू नये.

तिसरी अट विषयाची आहे आणि ती सर्वांत कमी वाचली जाते. एम.ए.च्या अनेक विषयांना कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. एम.एस्सी.ला मात्र पदवीला तो विषय किंवा त्याच्या जवळचा विषय असावा लागतो, आणि ‘जवळचा’ कोणता, हे प्रत्येक अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात नावानिशी दिलेले असते. एम.सी.ए.साठी गणिताची अट काय आहे, आणि बारावीला किंवा पदवीला गणित नसल्यास ब्रिज कोर्सची सोय कशी आहे, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावे. मागच्या वर्षी मित्राला प्रवेश मिळाला, हा पुरावा नव्हे. अटी वर्षागणिक बदलतात.

पदवी तीन वर्षांची आहे की चार, हाही मुद्दा आता महत्त्वाचा झाला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचे आहे, तर चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांना ते एका वर्षात पूर्ण करता येते.

कागदपत्रांचे काम मार्चमध्ये सुरू करा

प्रवेश हुकण्याचे सर्वांत मोठे कारण कमी गुण हे नसते. वेळेवर न मिळालेला कागद हे असते. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र हे तीन वेगळे दाखले आहेत. अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींना नॉन-क्रिमीलेअर लागत नाही. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गाला ते लागते, आणि ते चालू वर्षासाठी वैध असावे लागते. ३१ मार्चला मुदत संपलेले प्रमाणपत्र घेऊन जुलैमध्ये आलेल्या विद्यार्थ्याला खुल्या प्रवर्गात जावे लागते, आणि त्याच्या गुणांवर खुल्या यादीत जागा नसेल तर वर्ष वाया जाते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखलाही त्या त्या आर्थिक वर्षापुरताच असतो.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या भागांतून येणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांची मला विशेष काळजी वाटते. घरात शिकणारी पहिलीच पिढी असते, वडिलांच्या आणि आजोबांच्या जमातीची नोंद असलेला शाळेचा जुना दाखला शोधण्यात आठवडे जातात, आणि त्यातून जमात प्रमाणपत्र तपासणी समितीकडचे वैधतेचे प्रकरण वेळ घेते. एकदा पेठ तालुक्यातून एक मुलगी तिच्या वडिलांसोबत यादीच्या शेवटच्या दिवशी आली होती. तिच्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे कागद क्रमाने लावलेले होते, फक्त वैधतेचा अर्ज कोणीही करायला सांगितला नव्हता. तिला शाळेत असतानाच एवढे एक वाक्य कोणी सांगायला हवे होते, असे आजही वाटते. ज्यांच्याकडे वैधता नाही त्यांनी पदवीच्या दुसऱ्या वर्षीच महाविद्यालयामार्फत प्रस्ताव पाठवावा आणि प्रस्ताव दाखल केल्याची पोच जपून ठेवावी.

दुसरी अडचण नावाची. दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव एका पद्धतीने, आधार कार्डावर दुसऱ्या पद्धतीने आणि पदवीच्या गुणपत्रिकेवर तिसऱ्या पद्धतीने लिहिलेले असते. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांच्या नावापुढे ‘राव’ किंवा ‘भाऊ’ आहे, कुठे इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त आहे. पूर्वी यावर एखादे प्रतिज्ञापत्र पुरे होई. आता विद्यार्थ्याचे श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा होतात आणि तिथले बारा अंकी खाते डिजिलॉकर व आधारशी जोडलेले असते. नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही तर श्रेयांक खात्यात दिसत नाहीत. दहावीचे प्रमाणपत्र प्रमाण मानून त्याप्रमाणे आधार दुरुस्त करून घेणे हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग आहे, आणि आधार केंद्रावरचे हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकून घ्यावे.

याशिवाय महाविद्यालय सोडल्याचा दाखला, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आणि मध्ये वर्ष गेले असल्यास खंडाचे प्रतिज्ञापत्र लागते. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स आणि एक स्कॅन केलेली प्रत तयार ठेवावी. मूळ प्रमाणपत्रे तपासणीसाठी दाखवायची असतात. गुणपत्रिका किंवा जातीचा दाखला संस्थेने स्वतःकडे ठेवून घ्यावा, असा नियम नाही. मूळ कागद मागितलेच तर लेखी पोच घ्यावी.

केंद्रीभूत फेऱ्यांत पसंतिक्रम भरताना

सीईटीच्या मार्गाने जाणाऱ्यांनी पसंतिक्रम घरच्यांबरोबर बसून, प्रवासाचा आणि शुल्काचा विचार करून भरावा. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली, तर ती आपोआप गोठवली जाते. पुढच्या फेरीत तिच्यापेक्षा चांगली जागा मागता येत नाही. त्यामुळे ‘बघू तरी मिळते का’ म्हणून एखादे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकू नये. संस्था पातळीवरच्या जागांसाठीही पात्रतेच्या अटी तशाच लागू असतात आणि त्या प्रवेशांना प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता लागते; ‘सीईटी नसली तरी बघू’ असे कोणी सांगत असेल तर तिथे पैसे भरू नयेत. ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे आणि ज्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, इतर मागासवर्ग किंवा सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातून केंद्रीभूत फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतात, त्यांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासन भरते. हा निर्णय जुलै २०२४ चा आहे आणि अजूनही अनेक पालकांना तो ठाऊक नाही.

प्रवेशानंतरचा पहिला महिना

शुल्काची पावती हातात आली की बहुतेकांना काम संपल्यासारखे वाटते, पण इथूनच पात्रतेची प्रक्रिया सुरू होते. पुणे विद्यापीठातूनच पदवी घेतलेल्यांकडे कायम नोंदणी क्रमांक असतो, त्यामुळे त्यांचे काम तुलनेने सोपे होते. धुळे-जळगावकडून, मुंबईहून किंवा मुक्त विद्यापीठातून आलेल्यांना पात्रता अर्ज भरून मूळच्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र द्यावे लागते. तोपर्यंतचा प्रवेश तात्पुरता असतो. स्थलांतर प्रमाणपत्र आले नाही म्हणून सत्र परीक्षेचा निकाल राखून ठेवला जाऊ शकतो, आणि तेव्हा अभ्यास कितीही केलेला असला तरी उपयोग होत नाही. म्हणून हे प्रमाणपत्र प्रवेशाच्या आठवड्यातच मागवावे.

याच महिन्यात महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज करावा, आणि आपल्या अभ्यासक्रमाची नियमावली छापून घ्यावी. महाविद्यालय स्वायत्त असेल तर परीक्षेचे व उत्तीर्णतेचे नियम त्या महाविद्यालयाचे असतात. संलग्न असेल तर विद्यापीठाचे. शेजारच्या महाविद्यालयातल्या मित्राचा नियम आपल्याला लागू होईलच असे नाही.

श्रेयांकांचा हिशेब

इथे थोडा वेळ थांबतो, कारण दुसऱ्या वर्षाचे दार याच हिशेबावर उघडते. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात राज्याच्या आराखड्यानुसार ८८ श्रेयांक असतात: दर सत्राला २२ आणि दर वर्षाला ४४. पहिल्या सत्रात मुख्य विषयांचे १४, ऐच्छिक विषयाचे ४ आणि संशोधन पद्धतीचे ४ श्रेयांक. दुसऱ्या सत्रात संशोधन पद्धतीच्या जागी ४ श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण (ऑन-जॉब ट्रेनिंग) किंवा क्षेत्रीय प्रकल्प.

गुणांकन दहा अंकी श्रेणीत होते. ‘ओ’ला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७, ‘बी’ला ६, ‘सी’ला ५, ‘पी’ला ४ आणि नापासाच्या ‘एफ’ला शून्य. प्रत्येक विषयाचे श्रेयांक आणि श्रेणीगुण यांचा गुणाकार करून, सर्वांची बेरीज एकूण श्रेयांकांनी भागली की सत्राची सरासरी मिळते. समजा, एका विद्यार्थ्याला चार श्रेयांकांच्या तीन मुख्य विषयांत ए, बी प्लस आणि बी, दोन श्रेयांकांच्या विषयात ए प्लस, ऐच्छिक विषयात बी प्लस आणि संशोधन पद्धतीत एफ मिळाला. गुणाकार होतात ३२, २८, २४, १८, २८ आणि ०; बेरीज १३० आणि सरासरी ५.९१. तोच विद्यार्थी संशोधन पद्धतीत नुसता सी मिळवून उत्तीर्ण झाला असता, तर बेरीज १५० आणि सरासरी ६.८२ झाली असती. चार श्रेयांकांच्या एका विषयाने सरासरी जवळपास एक अंकाने हलते, तर दोन श्रेयांकांच्या विषयाचा परिणाम त्याच्या निम्माच असतो. अभ्यासाचे तास वाटून घेताना हे लक्षात असू द्यावे.

आता दुसऱ्या वर्षाचा प्रश्न. पुणे विद्यापीठाच्या श्रेयांक पद्धतीच्या पदव्युत्तर नियमांत दुसऱ्या वर्षात जाण्यासाठी पहिल्या वर्षाच्या एकूण श्रेयांकांपैकी किमान निम्मे मिळवलेले असावे लागतात, म्हणजे ४४ पैकी २२. एखादी विद्यार्थिनी पहिल्या सत्रात चार श्रेयांकांच्या तीन विषयांत अनुत्तीर्ण झाली, तर तिचे १० श्रेयांक झाले. दुसऱ्या सत्रात दोन विषय राहिले आणि कार्यप्रशिक्षणाचा अहवाल तिने दिलाच नाही, तर तिथेही १० झाले. एकूण २०. दोन श्रेयांक कमी पडले म्हणून एक पूर्ण वर्ष गेले. तिने कार्यप्रशिक्षण पूर्ण केले असते तर २४ झाले असते आणि ती राहिलेले विषय घेऊन दुसऱ्या वर्षात बसली असती. हे कार्यप्रशिक्षण एका श्रेयांकाला ३० तास या हिशेबाने १२० तासांचे असते आणि त्यात लेखी परीक्षेचे दडपण नसते. तरीही अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या कंपनीचे किंवा गावच्या पतसंस्थेचे पत्र वेळेवर न आणल्याने सर्वाधिक मुले इथेच अडकतात. पहिल्या सत्राची परीक्षा संपली की लगेच पत्र मिळवावे.

अंतर्गत गुण आणि उपस्थिती

अंतर्गत मूल्यमापनात आणि सत्रान्त परीक्षेत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते की दोन्ही मिळून, हे नियमावलीत आधी पाहावे. स्वतंत्र अट असेल तर लेखी परीक्षेतले चांगले गुण अंतर्गत गुणांची उणीव भरून काढत नाहीत. अंतर्गत चाचणी आजारपणामुळे बुडाल्यास त्याच आठवड्यात वैद्यकीय प्रमाणपत्रासह विभागप्रमुखांकडे अर्ज करावा. गुण विद्यापीठाच्या प्रणालीत भरून पाठवल्यानंतर शिक्षकाच्या हातात काही उरत नाही.

उपस्थितीची अट सर्वसाधारणपणे ७५ टक्क्यांची आहे. ती पूर्ण नसेल तर सत्र मान्य होत नाही आणि परीक्षेचा अर्जच पुढे जात नाही. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत पूर्ण दिवस बसून नावापुरता प्रवेश घेणाऱ्यांची संख्या आपल्या शहरात मोठी आहे. त्यांनी नियमित वर्गाऐवजी मुक्त विद्यापीठाचा विचार करावा, असे मी प्रामाणिकपणे सुचवतो.

विषय राहिल्यास काय करावे

निकाल अनपेक्षित लागला तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी आणि ती विषयशिक्षकांना दाखवून मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा. दोन्हींची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजली जाते आणि ती थोडीच असते. पुनर्मूल्यांकनाचा निकाल येईपर्यंत त्या विषयाचा बॅकलॉगचा परीक्षा अर्जही भरून ठेवावा, नाहीतर निकाल बदलला नाही तर आणखी एक सत्र जाते.

वर्ष राहिलेच तर दोन गोष्टी ताबडतोब पाहाव्यात. वसतिगृहाचा प्रवेश आणि शिष्यवृत्तीचे नूतनीकरण यांवर परिणाम होतो, म्हणून महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागाकडून लेखी स्थिती घ्यावी. दुसरे म्हणजे मध्येच शिक्षण सोडण्याची वेळ आली, तर पहिल्या वर्षाचे ४४ श्रेयांक पूर्ण करूनच बाहेर पडावे, कारण त्यावर पदव्युत्तर पदविका मिळते. एखादा विषय ठेवून गेल्यास हातात काहीच पडत नाही. शैक्षणिक श्रेयांक बँकेतील श्रेयांक सात वर्षांपर्यंत ग्राह्य धरले जातात, त्यामुळे परत येण्याचा रस्ता मोकळा राहतो.

मुदतीचीही मर्यादा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अभ्यासक्रमाच्या नेहमीच्या कालावधीपेक्षा दोन वर्षे जास्त मिळतात आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी एक वर्ष. २०२५-२६ मध्ये पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्याने २०२८-२९ अखेर सर्व विषय सोडवायला हवेत.

प्राध्यापकीकडे किंवा पीएच.डी.कडे वळायचे असेल, तर नुसते उत्तीर्ण होणे पुरत नाही. नेट व सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा आणि पीएच.डी. या तिन्हींसाठी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के लागतात. राखीव प्रवर्गांना पाच टक्के सवलत आहे. सरासरी या रेषेच्या आसपास असेल तर श्रेणीसुधाराची सोय आपल्या नियमावलीत आहे का आणि किती प्रयत्नांत, हे तिसऱ्या सत्रातच तपासावे. शेवटच्या सत्राचा निकाल लागल्यावर दीक्षान्त प्रमाणपत्राचा अर्ज वेगळा भरावा लागतो. तो भरताना नावाचे स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षर-अक्षर ताडून पाहावे, कारण एकदा छापलेली पदवी दुरुस्त करून घेण्यासाठी पुन्हा अर्ज, शुल्क आणि पुण्याच्या खेपा कराव्या लागतात.